एआयच्या करसवलती बदलत राहणार, मग रत्नागिरीतल्या लहान कंपनीने तयारी कशी ठेवावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरीत तुमची अठरा जणांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, नोंदणी २०२१ ची, उलाढाल अडीच कोटी, गेल्या वर्षीचा नफा साठ लाख. एकीकडे तुमचे स्वतःचे उत्पादन तयार होते आहे: हापूस न कापता त्यात साका (फळाच्या गरातला दोष) आहे की नाही हे ओळखणारी कॅमेरा आणि एआयची यंत्रणा. दुसरीकडे कॅनडात माँट्रियलच्या एका कंपनीचे सॉफ्टवेअरचे काम आहे, आणि आज पगार त्यावर निघतात. सरकार एआयला करसवलत देते असे ऐकले, पण दर अर्थसंकल्पात काहीतरी बदलते. मग कंपनी आधीपासून तयार कशी ठेवायची, आणि कमी दराचे ११५बीएए कलम आताच घेऊन टाकावे का, असे तुम्ही विचारता.

मी चिपळूणला सीए म्हणून काम करतो. त्याआधी बरीच वर्षे मुंबईत सॉफ्टवेअर कंपन्यांचे हिशेब आणि कर पाहिले. त्या अनुभवावरून सांगतो, पुढची सवलत कोणती येणार याचा अंदाज बांधण्यात वेळ घालवू नका. तुमच्या कंपनीतले कोणते निर्णय सवलतीवर टेकलेले आहेत आणि त्यांतले कोणते एकदा घेतल्यावर परत फिरवता येत नाहीत, एवढे आधी शोधा. सवलत गेली तर पैसे जातात. चुकीच्या वेळी घेतलेला न फिरणारा निर्णय मात्र पुढच्या सवलतीचे दारही बंद करतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. 'एआय' हे नाव असलेली आयकरातली सवलत आपल्याकडे नाही. बातम्यांत जे 'टॅक्स क्रेडिट' येते ते बहुधा अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनचे असते. तिथे संशोधनावर खर्च केला की त्याचा काही टक्के भाग थेट भरायच्या करातून वजा होतो, काही ठिकाणी नफा नसला तरी रोख परत मिळतो. आपल्याकडे बहुतांश वजावटी आहेत. वजावट उत्पन्नातून होते, त्यामुळे शंभर रुपयांच्या वजावटीने साधारण पंचवीस रुपयांचा कर वाचतो, आणि तोही नफा असेल तरच. तोट्यातल्या कंपनीला त्या वर्षी हातात काहीच येत नाही. परदेशातल्या आकड्यांवरून आपल्या रोकडीचा हिशेब मांडू नये, तो याच कारणाने.

दुसरी गोष्ट कायद्याची. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ लागू झाला. नव्या कायद्यात ५३६ कलमे आहेत आणि क्रमांक बदलले आहेत. सगळ्यांच्या तोंडी अजून जुनेच क्रमांक आहेत, म्हणून मीही तेच वापरतो. प्रत्यक्ष अर्ज करताना नव्या कायद्यातले कलम आणि फॉर्म बघूनच पुढे जा.

सवलती कशा जातात हे समजायला दोन जुनी उदाहरणे पुरतात. स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनावर कलम ३५(२एबी) खाली एकेकाळी २०० टक्के वजावट होती. २०१६ च्या अर्थसंकल्पाने ती उतरवायचे वेळापत्रकच दिले: १ एप्रिल २०१७ पासून १५० टक्के, १ एप्रिल २०२० पासून १०० टक्के. म्हणजे चार वर्षे आधी सांगून केलेला बदल होता. उलट सॉफ्टवेअर पार्कातल्या कंपन्यांची कलम १०ए आणि १०बी ची सूट २००९ ला संपायची होती. ती एक वर्ष वाढली, आणखी एक वर्ष वाढली, आणि ३१ मार्च २०११ ला खरोखर संपली. दोनदा वाढली म्हणून तिसऱ्यांदाही वाढेल असे धरून काही कंपन्यांनी जागांचे लांब मुदतीचे करार केले होते. सवलतीच्या वर्षांत त्यांचा नफा चांगला दिसत होता. कर लागू झाल्यावर कळले की दर ठरवतानाच कर शून्य धरलेला होता. त्यातून मी एक नियम धरला आहे आणि तो प्रत्येक ग्राहकाला सांगतो: ज्या दरात सवलतीशिवाय कंपनी तोट्यात जाते त्या दराने काम घेऊ नका, आणि त्या हिशेबावर पगारही ठरवू नका. सवलतीतून वाचलेला पैसा वेगळ्या खात्यात जाऊ द्या. त्यातून प्रयोग करा, यंत्र घ्या, पण महिन्याचा पगार त्यावर काढू नका.

आता ११५बीएए. हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग, कारण तुमच्यापुढचा न फिरणारा निर्णय हाच आहे. या कलमाखाली कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के कर लागतो आणि मॅट, म्हणजे पुस्तकी नफ्यावरचा किमान कर, लागत नाही. बदल्यात बऱ्याच वजावटी सोडाव्या लागतात. त्यांत स्टार्टअपची ८०-आयएसी सुद्धा येते. एकदा पर्याय घेतला की मागे येता येत नाही.

८०-आयएसी काय देते? १ एप्रिल २०१६ नंतर आणि १ एप्रिल २०३० च्या आधी स्थापन झालेली पात्र कंपनी पहिल्या दहा वर्षांतली कोणतीही सलग तीन वर्षे निवडून त्या व्यवसायाच्या नफ्याची शंभर टक्के वजावट घेऊ शकते. ही स्थापनेची मुदत आधी अनेकदा वाढली होती. २०२५ च्या अर्थसंकल्पाने ती २०३० पर्यंत नेली. नुसती डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप मान्यता यासाठी पुरत नाही, आंतरमंत्रालयीन मंडळाचे वेगळे प्रमाणपत्र लागते. अनेकांकडे पहिला कागद असतो आणि दुसराही आपल्याकडे आहे असे ते समजून चालतात. तुमच्याकडे नक्की काय आहे हे प्रश्नात लिहिलेले नाही, आणि उत्तराचा बराचसा भाग त्यावर ठरतो.

आकड्यांत बघू. २०२४-२५ च्या दरांनी साठ लाखांच्या नफ्यावर ११५बीएए मध्ये कर होतो १५.१० लाख. जुन्या पद्धतीत, वजावटीशिवाय, २६ टक्क्यांनी १५.६० लाख. जुन्या पद्धतीत ८०-आयएसी मिळाली आणि सगळा नफा पात्र धरला गेला तर नेहमीचा कर शून्य होतो, पण मॅट १५ टक्के अधिक उपकर लागतोच, म्हणजे ९.३६ लाख. 'तीन वर्षे करमाफी' ऐकून ज्यांनी शून्य धरले त्यांना इथे धक्का बसतो. तरीही ११५बीएए पेक्षा वर्षाला ५.७४ लाख कमी.

पण सगळा नफा पात्र धरला जाईल का? प्रमाणपत्र नवकल्पनेच्या व्यवसायाला मिळते. साक्याची यंत्रणा त्यात बसते. माँट्रियलच्या कंपनीला तासाच्या दराने दिलेले प्रोग्रॅमर त्यात बसतात असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. करनिर्धारणात त्यावर प्रश्न येऊ शकतो. समजा साठापैकी पंचेचाळीस लाख सेवेचे निघाले आणि पंधरा लाखांवरच वजावट मिळाली. मग नेहमीचा कर ११.७० लाख होतो, तो मॅटपेक्षा जास्त म्हणून तोच भरायचा, आणि ११५बीएए शी तुलना केली तर बचत उरते ३.४० लाख. त्यातून लेखापरीक्षण, प्रमाणपत्राची धावपळ आणि वादाची शक्यता वजा करा.

म्हणून माझे उत्तर असे: आताच ११५बीएए घेऊ नका, पण ८०-आयएसी मिळेल असे धरूनही चालू नका. तुमची दहा वर्षे २०२१ पासून मोजली जाणार, तेव्हा अजून वेळ आहे. प्रमाणपत्राचा अर्ज करा. साक्याच्या यंत्रणेची विक्री सुरू होऊन त्यातून नफा दिसू लागेल ती सलग तीन वर्षे निवडायची असतात. आजची, सेवेच्या नफ्याची वर्षे त्यात घालवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. उत्पादनाला नफा व्हायला २०३० उजाडणार असेल तर मात्र सरळ ११५बीएए कडे वळा. मधल्या काळात मॅटचा दर, मॅटच्या क्रेडिटची (भरलेला जादा मॅट नंतरच्या करातून वळता करण्याची) वागणूक आणि ११५बीएए चा दर हे तिन्ही प्रत्येक फेब्रुवारीत तपासून हा तक्ता पुन्हा मांडायचा. तक्ता एकदा एक्सेलमध्ये बसवला की हे अर्ध्या तासाचे काम आहे.

याच्याशी जोडून एक काम लगेच सुरू करा: दोन्ही बाजूंची पुस्तके वेगळी. कंपनी एकच राहू द्या, पण टॅलीत उत्पादन आणि सेवा अशी दोन कॉस्ट सेंटर करा आणि प्रत्येक बिल, प्रत्येक पगार त्यात पाडा. जो मुलगा सकाळी माँट्रियलचे काम करतो आणि दुपारी साक्याच्या मॉडेलवर बसतो, त्याचा पगार तासांच्या नोंदीवर वाटा. वर्षाच्या शेवटी सीएने अंदाजाने साठ-चाळीस टक्के टाकले तर विचारणा झाल्यावर ते टिकत नाही. ज्या आठवड्यात काम झाले त्याच आठवड्यात केलेली नोंद टिकते. सवलत कोणतीही येवो, केंद्राची, राज्याची, अनुदान असो की कर्ज, सगळ्यांच्या अर्जात हाच तक्ता मागतात.

आता संशोधनाच्या खर्चाकडे येतो. कलम ३५(१) खाली स्वतःच्या व्यवसायाशी संबंधित वैज्ञानिक संशोधनाचा चालू खर्च आणि, जमीन सोडून, भांडवली खर्चही त्याच वर्षी पूर्ण वजा करता येतो. आणि ही वजावट ११५बीएए मध्येही टिकते. तिथे गेली ती ३५(२एबी) आणि तशा इतर. वैज्ञानिक संशोधनाची कायद्यातली व्याख्या नैसर्गिक किंवा उपयोजित विज्ञानातले ज्ञान वाढवण्याचे काम अशी आहे, आणि त्यात शेती, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय हे शब्द स्पष्ट घातलेले आहेत. कोकणात आंबा, काजू, मासळीवर एआयचे काम करणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते. आपल्या मुलांना वाटते की संशोधन म्हणजे पांढरा कोट आणि बंगळूर. कायदा तसे म्हणत नाही.

मात्र तुमचे सगळे काम संशोधन नाही. साका बाहेरून दिसत नाही, आंबा कापल्यावरच कळतो. तो न कापता ओळखता येईल का, कोणत्या तरंगलांबीच्या प्रकाशात, किती अचूकतेने, झाडावर पिकलेल्या आणि पेटीत पिकवलेल्या फळात फरक पडतो का, या प्रश्नांची उत्तरे सुरुवातीला तुम्हाला माहीत नव्हती. ते संशोधन. बागायतदाराच्या मोबाइलवर दिसणारे ॲप, लॉगिन, बिल छापणे, हे चांगले काम आहे पण संशोधन नव्हे. तोही खर्च व्यवसायाचा म्हणून वजा होतोच, मग दोन्ही एकत्र करून दावा फुगवण्यात काही मिळत नाही, फक्त शंका ओढवते.

या फरकाचा पुरावा कसा ठेवायचा? प्रत्येक प्रयोगाआधी एक पान लिहा: काय माहीत नाही, काय करून बघणार, कशावरून यश ठरवणार. नंतर निकाल लिहा, आणि फसलेले प्रयोग तर आवर्जून लिहा. फसलेला प्रयोग हीच अनिश्चितता होती याची सर्वांत भक्कम खूण आहे, आणि लोक नेमका तोच पुसून टाकतात. गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, कोडचा इतिहास राहतोच. त्या नोंदींत प्रयोगाचा क्रमांक घालायची सवय मुलांना लावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाबरोबर एखादी चाचणी केलीत तर त्याचा पत्रव्यवहार आणि अहवाल याच फाइलमध्ये. नोंदी कंपनीबाहेरच्या सर्व्हरवरही ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतल्या किती जणांच्या वह्या आणि संगणक गेले हे आम्ही पाहिले आहे. वर्षानंतर नोटीस आली की पूर आला होता एवढे सांगून आकडे परत येत नाहीत.

आंब्यांचे सांगायचे राहिले. मॉडेल शिकवायला तुम्ही मार्च ते मे या हंगामात शेकडो आंबे कापून बघत असाल. ते आंबे संशोधनाचा कच्चा माल आहेत, आणि ते बहुधा कोणाच्या हिशेबात नसतात, किंवा 'चहापाणी' खात्यात पडलेले असतात. पेटीमागे पावती करा: तारीख, बाग, किती फळे, कोणत्या प्रयोगासाठी. रोखीत दिवसाला एका माणसाला दहा हजारांवर दिले तर तो खर्च अमान्य होतो, पण शेतमाल पिकवणाऱ्याकडून थेट घेतला तर नियमांत अपवाद आहे. हा अपवाद बागायतदारासाठी आहे, मधल्या दलालासाठी नाही. म्हणून पावतीवर बागायतदाराचे नाव आणि सही हवी. शक्यतो बँकेतूनच द्या, म्हणजे हा मुद्दाच उरणार नाही.

यंत्रांबाबत तुम्ही विचारले नाही, पण पुढचा मोह तिथेच आहे. मार्चमध्ये कर वाचवायला म्हणून जीपीयूचा (एआयच्या गणनेला लागणाऱ्या चिपचा) सर्व्हर घेणारे मी बरेच पाहतो. संगणकावर घसारा ४० टक्के आहे, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्मा, २० टक्केच. संशोधनासाठीच घेतलेल्या यंत्राला कलम ३५ खाली पूर्ण रक्कम मिळू शकते, मग त्यावर वेगळा घसारा मात्र नाही; आणि तेच यंत्र माँट्रियलच्या कामालाही वापरले तर हा दावा दुबळा होतो. शिवाय किनाऱ्यावरची खारी दमट हवा आणि पावसाळ्यातली वीज यांचा खर्च कोणत्याही कलमात परत मिळत नाही. हंगामात तीन महिने भरपूर गणना लागते, बाकी वर्षभर थोडी. अशा कामाला भाड्याची गणनाशक्ती बहुतेक वेळा बरी पडते.

भाड्याच्या गणनाशक्तीवर सरकारची खरी मदत आहे, आणि ती करातून येत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मार्च २०२४ ला इंडियाएआय मिशनला मंजुरी दिली, १०,३७१.९२ कोटींची. त्यात स्टार्टअप आणि संशोधकांना जीपीयू सवलतीच्या दरात मिळतात, खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग सरकार उचलते. नफा असो वा नसो, याचा फायदा मिळतो, म्हणून तुमच्यासारख्यांनी वजावटीच्या आधी हे बघावे. संशोधन, विकास आणि नवकल्पनेसाठीच्या एक लाख कोटींच्या निधीला १ जुलै २०२५ ला मंजुरी मिळाली, पण तो मुख्यतः दीर्घ मुदतीच्या, कमी किंवा शून्य व्याजाच्या कर्जाचा मार्ग आहे, आणि प्रयोगशाळेच्या पलीकडे गेलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. साक्याची यंत्रणा एक-दोन हंगाम बागेत चालल्यावर तिकडे बघा.

अनुदान घेताना एक गोष्ट विसरली जाते. सरकारकडून मिळालेले अनुदान, सबसिडी, सूट हे २०१५-१६ या आर्थिक वर्षापासून करपात्र उत्पन्न धरले जाते. अपवाद, ते एखाद्या मालमत्तेच्या किमतीतून वजा होत असेल तेव्हा. वीस लाखांचे अनुदान म्हणजे वापरायला वीस लाख असे धरलेत आणि खर्च पुढच्या वर्षी केलात, तर या वर्षी त्यावर कर बसू शकतो. अनुदानाचा हप्ता आणि खर्च शक्यतो एकाच वर्षात बसवा. आणि मंजुरीचे पत्र हातात आले म्हणून त्यावर पगारवाढ जाहीर करू नका. पत्र आणि बँकेतली रक्कम यांत कधी कधी वर्षाचे अंतर पडते.

दोन छोट्या गोष्टी. नव्या भरतीवर तीन वर्षे ३० टक्के जादा वजावट देणारे ८०जेजेएए कलम चांगले आहे, महिना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगाराला लागू आहे आणि ११५बीएए मध्येही मिळते. आपल्याकडच्या नवख्या मुलांचे पगार त्यात बसतात. पण ते कर-लेखापरीक्षण लागू असलेल्यांनाच आहे, आणि ज्यांचे रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत आहेत त्यांना हे लेखापरीक्षण दहा कोटींच्या उलाढालीनंतर लागते. तुमची उलाढाल अडीच कोटी आणि व्यवहार बहुतेक बँकेतून, म्हणजे तुम्हाला ही वजावट आज मिळणार नाही. कुणी मिळवून देतो म्हणाले तर हा प्रश्न विचारा.

दुसरी, जीएसटी. आपल्याकडे खऱ्या अर्थाने टॅक्स क्रेडिट आहे ते इथे, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता होतो, आणि तेच गळते. क्लाउडच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. परदेशी मॉडेलच्या एपीआयचे (ते मॉडेल आपल्या सॉफ्टवेअरमधून वापरण्याच्या जोडणीचे) बिल भारतीय जीएसटीशिवाय आले तर रिव्हर्स चार्जने तुम्ही कर भरायचा आणि त्याचे क्रेडिट घ्यायचे. हे बिल बहुतेक वेळा एखाद्या संचालकाच्या स्वतःच्या कार्डवर असते, कंपनीचा जीएसटी क्रमांक त्यावर नसतो, आणि क्रेडिट जाते. माँट्रियलचे काम निर्यात आहे. एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र) भरून करा आणि साचलेल्या क्रेडिटचा परतावा दोन वर्षांच्या आत मागा. आर्थिक वर्षाच्या बिलांचे क्रेडिट घेण्याची मुदत पुढच्या ३० नोव्हेंबरला संपते.

आता माँट्रियल. तुमचे पगार तिकडून येतात, म्हणून तिथल्या सवलतीत होणारा बदल तुम्हाला दिल्लीतल्या बदलाइतकाच लागू आहे, जरी त्यातला एक पैसा तुम्हाला मिळत नसला तरी. क्वेबेक प्रांतात ई-व्यवसायासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या पगारावर टॅक्स क्रेडिट आहे. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यांनी जाहीर केले की २०२५ संपल्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांपासून कामात एआयचा लक्षणीय वापर असेल तरच ते मिळेल. शिवाय रोख परत मिळणारा भाग वर्षाला एकेक टक्का कमी होत जाणार आणि फक्त करातून वळता होणारा भाग तितकाच वाढणार. २०२६ साठी ते २२ आणि ८ टक्के आहेत. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पगाराचे पहिले साधारण १८ हजार डॉलर यातून वगळले जातात.

याचा तुमच्याशी संबंध असा. तिथे नव्वद हजार डॉलरचा एआय इंजिनिअर ठेवला तर बहात्तर हजारांवर तीस टक्के, म्हणजे जवळपास २१,६०० डॉलरचे क्रेडिट मिळू शकते. रत्नागिरीला दिलेल्या पैशावर काहीच नाही, कारण क्रेडिट क्वेबेकमधल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. कॅनडाचे केंद्रीय संशोधन क्रेडिटही मुख्यतः कॅनडात केलेल्या कामाला आहे. तेव्हा माझा तर्क असा की तुमचा ग्राहक एआयचे काम स्वतःकडे ओढेल आणि एआय नसलेले नेहमीचे काम बाहेर ठेवेल. तुमच्याकडे आज यातले कोणते आहे हे बघा. एआयचे असेल तर नूतनीकरणाच्या आधीच बोला. अमेरिकन ग्राहक मिळवून हे टाळता येईल असे वाटेल, पण तिथेही तोच कल आहे: जुलै २०२५ च्या कायद्याने देशातल्या संशोधनाचा खर्च पुन्हा त्याच वर्षी वजा करायची मुभा दिली, परदेशात केलेल्या संशोधनाचा खर्च मात्र अजून पंधरा वर्षांत विभागूनच वजा होतो. ग्राहकाला तुमच्याकडचे काम 'संशोधन' आहे की नेहमीची देखभाल, हे करारात नीट लिहून हवे असते. जे खरे आहे तेच लिहा, पण लिहाच. करारात काम कमी करायचे असल्यास किमान नव्वद दिवसांची सूचना, आणि कोड कोणाचा यावर स्वच्छ कलम मागा. अठरा लोकांचे घर त्या नव्वद दिवसांवर आहे.

दर १ फेब्रुवारीला काय वाचायचे तेही सांगतो. भाषण ऐका, पण वित्त विधेयक उघडून प्रत्येक बदलासमोर तारीख शोधा. सवलत कशाच्या तारखेवर उघडते किंवा बंद होते, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते: सेझची (विशेष आर्थिक क्षेत्राची) सूट काम सुरू झाल्याच्या तारखेवर होती, ३१ मार्च २०२०, नव्या कारखान्यांचा १५ टक्क्यांचा दर उत्पादन सुरू झाल्यावर, ३१ मार्च २०२४, ८०-आयएसी कंपनीच्या स्थापनेवर. खर्चाची तारीख, वापर सुरू झाल्याची तारीख, मंजुरीची तारीख, स्थापनेची तारीख, यांपैकी तुमची कोणती हे कळले की घाई करायची की थांबायचे ते ठरते. विधेयक मार्चमध्ये मंजूर होताना बदल होतात, नियम आणि फॉर्म त्यानंतर येतात. म्हणून मी फेब्रुवारीत कुणालाही पर्याय निवडू देत नाही, आणि अग्रिम कराचा १५ जूनचा पहिला हप्ता सवलत नाही असेच धरून काढतो. सवलत पक्की झाली तर पुढच्या हप्त्यांत कमी करता येते.

क्रम लावायचा तर या महिन्यात दोन कॉस्ट सेंटर आणि तासांची नोंद सुरू करा. एपीआय आणि क्लाउडची सगळी बिले कंपनीच्या नावावर व जीएसटी क्रमांकावर वळवा. आंतरमंत्रालयीन मंडळाच्या प्रमाणपत्राचे काय झाले आहे ते शोधा. माँट्रियलशी बोलणे हंगामाच्या गडबडीआधी उरका. ११५बीएए साठीचा पर्याय विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत देता येतो, कंपन्यांसाठी ती साधारण ३१ ऑक्टोबर असते, तेव्हा त्याआधी महिनाभर दोन्ही बाजूंचे वेगळे नफे घेऊन तुमच्या सीएकडे बसा. तुमच्याकडे डीपीआयआयटीची मान्यता आहे की प्रमाणपत्रही, आणि माँट्रियलच्या करारात कामाचे वर्णन काय आहे, हे इथे कळवलेत तर वरचा तक्ता तुमच्या आकड्यांनी पुन्हा मांडून देतो.